थंडीत तुंबणारं सिंक

ग्वाल्हेरच्या पौष-माघातल्या थंडीत स्वयंपाकघरातलं सिंक हमखास तुंबतं, कारण तूप पाइपातच थिजतं. संक्रांतीच्या गुळपोळीचं तुपाळ ताट, तळणीची कढई गार पाण्याने धुतली की आत थर बसतो आणि त्यात चहाचा चोथा, भाताची शितं अडकतात. कढई आधी रद्दी कागदाने पुसा, मग घासा. माझ्या मते निम्मा त्रास एवढ्यानेच टळतो.

तुंबलंच, तर बाजारातली पाइप मोकळा करायची पावडर टाकण्याआधी खाली बादली ठेवून ट्रॅप, म्हणजे सिंकखालच्या पाइपाला लावलेला बाटलीसारखा भाग, हाताने फिरवून काढा. पिवळट, मेणचट गोळा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. तो कचऱ्यात टाका, वायसर नीट बसवून ट्रॅप लावा आणि भांड्यांचा साबण घालून गरम पाणी सोडा. उकळतं मात्र नको, पीव्हीसीचे सांधे ढिले होतात. न्हाणीघरात बहुधा केस अडकलेले असतात. जाळी उचलून वाकवलेल्या तारेने ओढून काढा.

आणि कॉस्टिक सोडा (बाजारातल्या त्या पावडरीत बहुधा हाच असतो) टाकलेल्या मोरीत ॲसिड कधीही ओतू नका. ते उसळून अंगावर येतं, डोळे जाऊ शकतात.