व्हिसाच्या मुलाखतीआधी पोटात गोळा येतो? नागपूरहून जाणाऱ्यांनी या चुका टाळा

अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत बहुतेकांची दोन ते पाच मिनिटांत आटोपते. तिची धास्ती मात्र महिना-दीड महिना पुरते. हात थरथरले, आवाज कापला, घाम फुटला एवढ्यावरून कोणाचा व्हिसा जात नाही. काचेपलीकडे बसलेला अधिकारी दिवसभर तेच पाहत असतो. घोटाळा होतो तो तोंडातून निघालेलं उत्तर आणि अर्जातला मजकूर जुळत नाही तेव्हा. म्हणून भीती घालवण्याच्या मागे लागू नका. भीती असतानाही उत्तर बरोबर येईल, अशी तयारी करा. खालच्या चुका विद्यार्थी आणि मुलांकडे निघालेले आई-वडील या दोघांच्याही आहेत.

अर्ज दुसऱ्याने भरला, आपण वाचलाच नाही

सगळ्यात मोठी चूक ही, आणि निम्मी भीती इथूनच येते. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज एजंट भरतो किंवा अमेरिकेतला मुलगा रात्री बसून भरतो. आपल्या हाती येतं ते बारकोडचं एक पान. आत काय लिहिलंय याचा पत्ता नसतो. मग मनाला नेमकं तेच कुरतडत राहतं, की विचारलं तर काय सांगू?

बारकोडचं पान म्हणजे अर्ज नव्हे. पूर्ण अर्जाची पीडीएफ मागून घ्या, छापा, आणि पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचा. या जागा दोनदा तपासा: आधी कधी व्हिसा नाकारला गेला होता का, तुमच्या नावाने कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का (भावाने वीस वर्षांपूर्वी केलेला अर्ज लोक हमखास विसरतात), अमेरिकेत जवळचे नातेवाईक कोण, गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खाती, आणि नोकरीच्या तारखा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्जात नाव कसं पडलंय तेही बघा. जुन्या पासपोर्टांत हा गोंधळ बराच असतो.

चूक सापडली तर हातपाय गाळू नका. ती महत्त्वाची असेल तर नवा अर्ज भरा आणि मिळालेला नवा क्रमांक अपॉइंटमेंटच्या खात्यात बदलून घ्या. तिथे जुना क्रमांक राहिला तर प्रवेशालाच अडचण येऊ शकते. स्पेलिंगसारखी किरकोळ चूक मुलाखतीला जाताना लक्षात आली, तर खिडकीवर आपण होऊन एका वाक्यात सांगा.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे गटातल्या (विद्यार्थी आणि शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसाच्या) अर्जदारांना सोशल मीडियाची खाती ‘पब्लिक’ ठेवायला सांगितलं जातं. घाबरून खातीच डिलीट करणारे आहेत. ते करू नका. अर्जात लिहिलेलं खातं शोधल्यावर सापडलं नाही, तर नसता संशय ओढवून घ्याल.

उत्तरं पाठ करणं

दहावीच्या सवयीने आपण मुलाखतही पाठ करतो. ‘हेच विद्यापीठ का’ याचं इंटरनेटवरून उचललेलं आठ ओळींचं उत्तर चौथ्या शब्दाला कानावर येताच अधिकारी मध्येच विचारतो, “फी किती आहे?” साखळी तुटते आणि पुढचं सगळं पुसून जातं. ताणाखाली बोबडी वळते याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. पाठ केलेल्या मजकुराला मधूनच सुरुवात करता येत नाही.

त्याऐवजी प्रत्येक प्रश्नाला फक्त तीन मुद्दे ठरवा. उदाहरणार्थ विद्यापीठाबद्दल: कोणता विषय किंवा प्रयोगशाळा, तुमच्या बी.ई.शी त्याचा संबंध, एकूण खर्च. तेच मुद्दे रोज वेगळ्या शब्दांत बोला. उत्तर दहा-पंधरा सेकंदांत संपलं पाहिजे. अधिकाऱ्याला जास्त हवं असेल तर तो विचारेल.

सराव आरशासमोर करण्यात फारसा अर्थ नाही, कारण आरसा मध्येच तोडत नाही. घरात खिडकीच्या अलीकडे उभे राहा, पलीकडे शेजारचे काका किंवा मैत्रीण लॅपटॉप घेऊन बसू दे. त्यांनी तुमच्याकडे न बघता टाइप करायचं, उत्तर अर्ध्यावर तोडायचं, एखादा प्रश्न पुटपुटत विचारायचा. वेगवेगळ्या लोकांकडून असे पाच-सहा फेरे झाले की खरी खिडकी अनोळखी वाटत नाही.

पैशाचे आकडे आणि शेती

इथे विदर्भातली माणसं जास्त अडखळतात, म्हणून जरा सविस्तर.

आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने पाठवलेल्या प्रवेशाच्या फॉर्मवर, वर्षाचा खर्च डॉलरमध्ये असतो, कर्जाचं पत्र रुपयांत, आणि बाबांचा पगार महिन्याचा. डोकं तापलेलं असताना ही तिन्ही गणितं जुळत नाहीत. तीनच आकडे तयार ठेवा: पहिल्या वर्षाचा खर्च डॉलरमध्ये, मंजूर कर्ज लाखांत, आणि घरचं वार्षिक उत्पन्न लाखांत. लाखाचं मिलियन करायच्या भानगडीत पडू नका. भारतात काम करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘फोर्टी लाख रुपीज’ कळतं.

काटोल-नरखेड-वरुडकडे संत्र्याची बाग किंवा यवतमाळकडे कपाशी असेल, तर महिन्याचं उत्पन्न विचारल्यावर माणूस गांगरतो, कारण ते महिन्याचं नसतंच. सरळ वर्षाचं सांगा: किती एकर, कोणतं पीक, वर्षाला साधारण किती. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, त्यामुळे आयकर विवरणात पगारी माणसाच्या मानाने आकडा लहान दिसतो. हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाहीतर आकडे जुळत नाहीत असं अधिकाऱ्याला वाटतं आणि आपण खोटे पडलो असं आपल्याला वाटतं.

आई-बाबांच्या हातात मुलाने लिहिलेली पटकथा

अमेरिकेतून मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर बावीस उत्तरं इंग्रजीत पाठवतो आणि आई स्वयंपाक करता करता ती घोकते. यातून धास्ती वाढते, बाकी काही होत नाही. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मराठीतून मुलाखत देता येते. सुरुवातीलाच नम्रपणे ‘मराठी प्लीज’ म्हणा. तोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी कधीही बरी. मास्टर्सला निघालेल्या विद्यार्थ्याने मात्र इंग्रजीतच बोलावं, कारण त्याला शिकायचंच त्या भाषेत आहे.

आई-बाबांना चार गोष्टी माहीत हव्यात: मुलगा कोणत्या शहरात राहतो, काय काम करतो, आपण किती दिवस राहणार, खर्च कोण करणार. ‘दहा वर्षांचा व्हिसा हवा’ असं म्हणू नका. दहा वर्षं ही व्हिसाची मुदत. एका खेपेला किती राहायचं ते अमेरिकेतल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि पर्यटकांना ते सहसा सहा महिन्यांपर्यंत मिळतं. ‘किती दिवस’ला ‘बघू, मुलगा म्हणेल तेवढे’ हे उत्तर घरी शोभतं, खिडकीवर घात करतं. दिवाळीला परत, धाकटीचं लग्न, पेन्शनचं काम, जे खरं असेल ते सांगा.

पूर्वी बऱ्याच ज्येष्ठांना मुलाखत माफ होती. २ सप्टेंबर २०२५ पासून १४ वर्षांखालच्या आणि ७९ वर्षांवरच्या अर्जदारांनाही साधारणपणे जावं लागतं. ‘आजोबांना बोलावणार नाहीत’ या भरवशावर राहू नका.

आदल्या रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी उभं राहणं

बोटांचे ठसे आणि फोटो एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, अशा दोन वेगळ्या अपॉइंटमेंट असतात. जागाही वेगळ्या असतात, पत्रावरचा पत्ता नीट वाचा. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोने सकाळी मुंबईत उतरून त्याच सकाळी ठसे द्यायचे, हा बेत गाडी दोन तास लेट झाली की कोसळतो. ठशांच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा. दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहे. विमानाने गेलात तर विमानतळावरून मेट्रो तीनने थेट बीकेसी स्टेशन गाठता येतं. गाडीने गेलात तर दादरला उतरून लोकलने कुर्ला किंवा वांद्रे, पुढे रिक्षा. आदल्या संध्याकाळी एकदा गेटपर्यंत चालून या. जागा पाहिलेली असली की सकाळची निम्मी घालमेल जाते.

हैदराबादही घेता येतं, नागपूरकरांना ते मुंबईपेक्षा जवळ पडतं आणि सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादला वंदे भारतही आहे. पण मराठीत बोलायचं असेल तर मुंबईच धरा.

आत मोबाइल, स्मार्टवॉच, लॅपटॉप, मोठी बॅग चालत नाही आणि दूतावासात सामान ठेवायची सोय नाही. हे गेटवर कळलं की धावपळ सुरू होते. फोन हॉटेलवर किंवा सोबतच्या माणसाकडे ठेवा, परत भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, त्याचा नंबर कागदावर लिहून घ्या. वेळेच्या तासभर आधी जाऊन रांगेत ताटकळू नका, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. जून ते ऑगस्टमध्ये बीकेसीत पाऊस झोडपतो, तेव्हा कागद पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. वर पासपोर्ट, अर्जाचं बारकोडचं पान, अपॉइंटमेंटचं पत्र, विद्यार्थ्यांचं आय-२०, सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी यंत्रणा) फीची पावती. बाकी सगळं त्याखाली. अडीच किलोची फाइल नेणाऱ्यांची बहुतेक पानं उघडलीही जात नाहीत, आणि न मागता पुढे सरकवलेला कागद कोणी घेत नाही.

शरीराशी भांडणं

ताण आला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तळवे गार पडतात. ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावून ते थांबत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, धडधडीला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा तिला उत्साह म्हणणाऱ्यांचं गाणं, भाषण आणि गणित सरस ठरलं. ‘अंगात जोर आलाय’ एवढं म्हणायला काय जातं.

मोठमोठे श्वास भराभर घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास लांबवून सोडला की व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाची गती उतरते. मात्र हे रांगेत पहिल्यांदा करून उपयोग नाही. दहा दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं करा.

आदल्या रात्री सावजी नको, बाप्पा. भूक नसली तरी सकाळी थोडं साधं खा. कॉफी-चहा नेहमीएवढाच घ्या. कॅफीनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनीही रक्तात असतो. आणि कोणीतरी दिलेली ‘टेन्शनची गोळी’ त्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका. काहींनी गुंगी येते, आणि प्रोप्रानोलॉल हे धडधड कमी करणारं औषध दमेकऱ्यांना धोक्याचं आहे. घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, आधी एखाद्या सुटीच्या दिवशी घेऊन पाहा.

रात्री दोन वाजेपर्यंत टेलिग्रामवर नकारांच्या कहाण्या वाचणं, आणि रांगेत ‘अमुक खिडकी कडक आहे’ ही चर्चा ऐकणं, दोन्ही टाळा. खिडकी तुम्हाला निवडता येत नाही.

खिडकीसमोर

काचेतून आवाज माइकने येतो, तो नीट ऐकू येत नाही. न कळलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणं ही इथली सर्वांत महागडी चूक. ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट’ हे वाक्य जिभेवर ठेवा.

मान डोलावू नका. आपली ती आडवी-तिरपी डोलणारी मान हो म्हणते की नाही, हे आपल्यालाच धड माहीत नसतं. तोंडाने ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणा.

अधिकारी टाइप करत गप्प बसला की लोकांना ती शांतता सोसवत नाही. मग कोणी न विचारताच ‘माझा चुलतभाऊही तिकडेच सेटल आहे’ असं निघून जातं. तो नोंद करतोय, करू द्या. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. शब्दच फुटत नसेल तर ‘सॉरी, आय अ‍ॅम नर्व्हस’ म्हणून एक श्वास सोडा आणि पहिला मुद्दा बोला.

चेहऱ्यावरून निकाल वाचू नका. पर्यटक आणि विद्यार्थी व्हिसासाठी अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचं कलम २१४(बी) अर्जदाराला स्थायिक व्हायला निघालेलाच मानून चालतं. तसं नाही हे दाखवायचं काम अर्जदाराचं असतं. त्यामुळे प्रश्नांत शंका असणारच, तो राग तुमच्यावर नाही.

नकार मिळाल्यावर

२२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर कागद किंवा पडताळणी बाकी आहे. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच आणि तिथे सांगितलंय तसंच पाठवा. २१४(बी) चा नकार असेल तर वाद घालू नका. त्यावर अपील नाही, भरलेली १८५ डॉलर फी परत मिळत नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. परिस्थितीत काहीच बदललेलं नसताना लगेच पुढच्या आठवड्याची तारीख शोधणं हा रागाचा खर्च आहे.

बाहेर आल्यावर घरी फोन करण्याआधी एका जागी बसा आणि विचारलेले प्रश्न, दिलेली उत्तरं त्याच क्रमाने कागदावर उतरवा. चार नातेवाइकांना सांगून झालं की तीच मुलाखत आठवणीत बदलून जाते, आणि पुढच्या वेळी नेमकं कुठे अडलं ते सापडत नाही.