रोम पायी फिरणार असाल तर पाण्याची बाटली विकत घेऊ नका

रोमचा जुना भाग पायीच बघण्यासारखा आहे. पियाझ्झा देल पोपोलो या चौकापासून निघायचं आणि स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्या, त्रेव्ही कारंजं, पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ, नव्होना चौक करत नदीपलीकडच्या त्रास्तेव्हेरे वस्तीत पोचायचं. अंतर चार-पाच किलोमीटरच आहे, पण रस्ते छोट्या दगडी ठोकळ्यांचे असल्याने नवे बूट घालाल तर फोड ठरलेले.

वाटेत जागोजागी लोखंडी खांबाचे नळ दिसतील. ‘नासोने’ म्हणतात त्यांना. 1874 पासून ते शहरात आहेत आणि थंडगार पिण्याचं पाणी फुकट देतात. खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की नळीवरच्या भोकातून पाण्याची धार वर उडते, ओंजळीची गरजच नाही. एकाने दाबायचं, दुसऱ्याने प्यायचं. तिसरा हमखास भिजतो.

कॉफी काउंटरपाशी उभ्यानेच प्या. पर्यटकांच्या चौकात टेबलावर बसलात की तीच कॉफी कितीतरी महाग पडते. स्पॅनिश स्टेप्सवर फतकल मारू नका, 2019 पासून तिथे बसल्यास दंड होतो. (पायऱ्यांवर बसायचं नाही, ही काय बात झाली!)

पँथिऑनला 2023 पासून तिकीट आहे. पण तिथून चार पावलांवरच्या सान लुईजी देई फ्रान्चेसी चर्चमध्ये काराव्हाज्जो या नामांकित इटालियन चित्रकाराची तीन अस्सल चित्रं फुकट बघायला मिळतात. दुपारी चर्च बंद असतं, तेवढं सांभाळा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चित्रांवरचा दिवा नाणं टाकल्यावर लागतो, तेव्हा वर्गणी काढून सगळ्यांत मिळून एकच नाणं टाका.