विरोध आला तर: सातारा-सांगलीतल्या घरगुती ख्रिस्ती मंडळ्यांसाठी

घरातल्या प्रार्थनासभेवर कुणी आक्षेप घेतला की मंडळी बहुधा दोनपैकी एक करते. एकतर घाबरून सगळं बंद करते, नाहीतर ‘प्रभूसाठी सोसतोय’ म्हणून छाती काढून उभी राहते. या दोन्हीच्या आधी एक काम करायचं असतं. आक्षेप नेमका कशावर आहे, हे शोधायचं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ख्रिस्ती म्हणून सोसणं आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केल्यामुळे सोसणं ही दोन वेगळी काढली आहेत. गावात हा भेद रोज उपयोगी पडतो, कारण ठिणगी पुष्कळदा देवावरून पडतच नाही. ती बोळात आडव्या लावलेल्या दहा-बारा दुचाकींवरून पडते, नाहीतर रात्री साडेदहापर्यंत चाललेल्या ढोलकीवरून.

म्हणून पहिला आक्षेप आला त्याच आठवड्यात पाळक आणि मंडळीतले दोन वडीलधारे यांनी शेजारच्या चार घरी जावं. तिथे सुवार्ता सांगायची नाही. ‘आमच्यामुळे तुम्हाला काय त्रास होतो?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं. जे आपल्या हातात आहे ते पुढच्या सभेपासून बदलायचं. गाड्या मुख्य रस्त्याला लावून चालत या. सभा सव्वा तासात संपवा. लाउडस्पीकर घरात नकोच. कायद्याने तो लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही, रात्री १० ते सकाळी ६ तर बहुधा मनाईच असते आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. पत्र्याच्या खोलीत ढोलकीऐवजी टाळ पुरतात. ओवी-अभंगाच्या चालीवरचं भजन शेजाऱ्यांच्या कानाला परकंही वाटत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ही वाट कधीच पाडून ठेवली आहे, आणि त्यांची अखेरची वर्षं तर साताऱ्यातच गेली.

एवढं केल्यावरही विरोध उरला, तर तो कशाचा आहे ते आता स्पष्ट दिसतं.

पैसा आणि आजार

‘आमिष दाखवून बाटवतात’ हा आरोप सगळ्यात जास्त होतो. त्याचं उत्तर भाषणाने देता येत नाही, वहीने देता येतं. सभा संपताच जमलेलं अर्पण दोघांनी मोजावं. ते दोघे एका घरातले नसावेत. आकडा अंकात आणि अक्षरात लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि पुढच्या कामाच्या दिवशी रक्कम बँकेत भरावी. गरजूला मदत द्यायची तर रोख हातात देऊ नका, दुकानाचं किंवा दवाखान्याचं बिल थेट भरा आणि पावती चिकटवून ठेवा. सभेच्या दिवशी, सभेच्या जागी काहीही वाटू नका; साडी, वह्या, धान्य, काहीच नाही. मदतीत निम्मी घरं तरी सभेला न येणाऱ्यांची असावीत. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरासारखी वेळ आली तर मदत गल्लीप्रमाणे वाटा, मंडळीच्या यादीप्रमाणे नको. परदेशी देणगीसाठी केंद्र सरकारची वेगळी नोंदणी किंवा परवानगी लागते. ती नसेल तर ओळखीच्या पाहुण्याने संस्थेसाठी दिलेले डॉलरही घेऊ नका.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण ‘गोळ्या बंद कर’ हे वाक्य मंडळीत कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. साखर, रक्तदाब, फिट्स, क्षयरोग यांच्या गोळ्या अचानक थांबल्या की माणूस दगावतो आणि दोष सुवार्तेवर येतो. तो दोष योग्यच असतो. उसाच्या फडात साप चावला तर आधी गाडी काढा, सरकारी दवाखाना गाठा, प्रार्थना वाटेत करा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपल्या भागात तर हे सांगावं लागू नये. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं आणि तिथे औषध आणि प्रार्थना यांचं कधी भांडण नव्हतं.

घरातला विरोध

बाहेरच्या जमावापेक्षा आईचं रडणं अवघड असतं. इथे घाई सगळ्यात जास्त नुकसान करते. नव्या विश्वासणाऱ्याने घरातला देव्हारा स्वतःच्या हाताने हलवू नये. घर वडीलधाऱ्यांचं आहे आणि देव्हारा त्यांचा आहे. स्वतः पूजेला न बसणं वेगळं आणि दुसऱ्याची पूजा मोडणं वेगळं. कुलदैवताच्या कार्याला, तेराव्याला, लग्नाला जा. मांडव घाला, पाणी वाढा, पाहुण्यांची ऊठबस करा. विधीला मात्र मागे थांबा आणि तसं आठ दिवस आधी घरी शांतपणे सांगून ठेवा. ऐनवेळी, चार पाहुण्यांसमोर नकार दिला की तो वडिलांचा अपमान होतो. प्रसादाबाबत मंडळीत मतभेद असतील तर पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे ८ ते १० हे अध्याय एकत्र बसून वाचा आणि ज्याची सदसद्विवेकबुद्धी दुबळी आहे त्याला सांभाळून घ्या.

नवरा किंवा बायको एकटीच विश्वासात आली असेल तर दुसऱ्यावर दबाव नको. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली वर्षं दोघांनाही कडू गेली. नंतर त्या स्वतःच्या मनाने आल्या, म्हणून त्यांचा विश्वास त्यांचा स्वतःचा होता.

बाप्तिस्म्याची घाई नको. किमान सहा महिने शिक्षण द्या. वय १८ पूर्ण असावं आणि स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत अर्ज असावा. आजारपणात, कर्जाच्या तगाद्यात किंवा लग्न जमवायच्या वेळी कुणी मागितला तर थांबा, तो प्रसंग निवळू द्या. लहान मुलांना रविवारच्या शाळेत घेताना आईवडिलांची लेखी संमती हवी, शक्यतो दोघांचीही. शेजारचं मूल खेळता खेळता आत आलं तर त्याला गोडीने घरी पोचवा.

एक गोष्ट बाप्तिस्म्याआधी सांगितलीच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. त्याबरोबर आरक्षण जातं आणि अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. हे झाकून बाप्तिस्मा देणं म्हणजे फसवणूक आहे. मुलांची शिक्षणं, नोकरी, घरकुल हे सगळं समोर मांडा आणि विचार करायला वेळ द्या. येशूनेही बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करायला सांगितलं आहे.

यात्रा, वर्गणी आणि दफन

पाली, म्हसवड, खरसुंडी यांसारख्या यात्रांच्या गावात, किंवा कुठल्याही लहान गावच्या यात्रेत, वर्गणीचा प्रश्न दरवर्षी येणारच. पावती दारात आल्यावर विचार करू नका. दोन महिने आधी मंडळीत ठरवा आणि यात्रा कमिटीला तुम्हीच आधी जाऊन भेटा. पूजेसाठी देणं मनाला पटत नसेल तर पिण्याच्या पाण्याचा टँकर, लाइट, कुस्त्यांच्या आखाड्याची माती किंवा स्वच्छता यातलं एक काम अंगावर घ्या. रक्कम शेजाऱ्याइतकी किंवा थोडी जास्तच ठेवा. पैसे वाचवायला नकार देतात, असं कुणाला म्हणता येऊ नये.

दफनाची जागा मरण येण्याआधी ठरवा. सातारा, सांगली, मिरज या शहरांत जुन्या ख्रिस्ती दफनभूमी आहेत. खेड्यात बहुधा नसते आणि प्रेत दारात असताना ग्रामपंचायतीशी वाद घालणं हा सगळ्यांसाठीच हाल असतो. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ठराव मागा. तोपर्यंत जवळच्या शहरातल्या दफनभूमीच्या समितीशी बोलून नियम, खर्च आणि खड्डा खणणाऱ्याचा नंबर लिहून ठेवा. ज्यांच्या घरचे विश्वासात नाहीत त्यांनी आपली इच्छा स्वतः लिहून, घरातल्याच एकाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी. घरच्यांनी तरीही अग्नी दिला तर भांडू नका. त्यांच्याबरोबर उभे राहा आणि प्रार्थना नंतर आपल्या घरी करा.

वाळीत टाकलं तर

किराणा बंद, गिरणीत दळण नाही, मजुरीला बोलावणं नाही, पाण्यावर अडवणूक. असं झालं तर कुणी, कोणत्या तारखेला, काय नाकारलं हे लिहून काढा. मग पोलीस पाटील, सरपंच, शाळेचे गुरुजी, तंटामुक्ती समितीतलं कुणी, अशा गाव ज्याचं ऐकतं त्या माणसामार्फत बोला. निम्म्या तक्रारी इथेच मिटायला हव्यात. गावात आपल्याला पुढची चाळीस वर्षं काढायची आहेत. नाही मिटलं तर कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. दरम्यान मंडळीने त्या घराचं दळण, किराणा, दूध आणि मुलांची शाळा यांची वाटणी करून घ्यावी. नुसतं ‘प्रार्थनेत आठवतो’ म्हणून भागत नाही.

जमाव दारात आला तर

याची तालीम आधीच करा. बोलणारा एकच माणूस ठरलेला असावा, तोही थंड डोक्याचा. तो पाळकच असला पाहिजे असं नाही. गाणं थांबवा. मुलं आणि म्हातारी माणसं आतल्या खोलीत किंवा मागच्या दाराने शेजारी पाठवा. एकाने ११२ लावावा. ढकलाढकली नको, उलट घोषणा नको. चित्रीकरण एकानेच, लांबून, गुपचूप न करता करावं. कोऱ्या कागदावर सही नको आणि जमावाने लिहून आणलेल्या माफीनाम्यावरही नको. ‘पोलिसांसमोर लिहून देतो’ एवढंच म्हणा.

पोलीस आले की नाव-पत्ता द्या आणि सहकार्य करा. अटक झाली तर कारण विचारा, नातेवाइकाला कळवा. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी यांशिवाय बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. फिलिप्पै शहरात पौलाने आपलं नागरिकत्व सांगून अधिकाऱ्यांकडून न्याय मागितला, तेव्हा हक्क सांगणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नव्हे.

त्याच रात्री हजर असलेल्या दोघांनी वेगवेगळे बसून घटना लिहावी: वेळ, माणसं, जसेच्या तसे शब्द, काय तुटलं. एकमेकांचं पाहून लिहिलं तर दोन्ही कागद निरुपयोगी होतात. शांतपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम व्यत्यय आणणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. नोंद झालेल्या एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना ती लेखी पाठवता येते, स्पीड पोस्टाने. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, निदान दोन दिवस तरी. तापलेल्या गावात फिरणारा व्हिडिओ पुढचा जमाव गोळा करतो.

हक्काची मर्यादाही माहीत असावी. राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्म मानायला, आचरायला आणि त्याचा प्रसार करायला मुभा दिली आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं. धर्मांतराबाबत राज्यात आज कोणता नियम लागू आहे, हे प्रत्येक बाप्तिस्म्याआधी वकिलाला विचारून घ्या. आणि दुसऱ्यांच्या देवदेवतांबद्दल वाईट बोलू नका. कायद्याने अडचण आहेच, पण त्याआधी ते ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यांच्या काळजाला लागतं.

सेवक थकला तर

संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाच्या दूताने त्याला आधी दोनदा जेवायला घातलं आणि झोपू दिलं; बोलणं नंतर झालं. मारहाण किंवा धमकीनंतर पाळकाला लगेच साक्ष द्यायला गावोगाव फिरवू नका. किमान तीन आठवडे संदेश दुसऱ्याने द्यावा. झोप लागत नसेल, छातीत धडधड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पाळकाच्या बायकोला वेगळं विचारा, तिच्याशी मंडळीतल्या जाणत्या बाईने बोलावं. गाव सोडायचं की राहायचं या निर्णयात तिचं आणि मुलांचं म्हणणं असलंच पाहिजे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात जा, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशूचेच शब्द आहेत, त्यामुळे जाणाऱ्याला भित्रा ठरवू नका. एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येक सेवकाला दुसऱ्या तालुक्यातला एक जोडीदार असावा. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट आणि मनातलं सगळं बोलणं. जतचा माणूस आटपाडीच्या माणसाला जे सांगेल ते स्वतःच्या मंडळीला सांगू शकत नाही.

बंद पडलेली सभा पुन्हा सुरू करताना आधी घरमालकाला मोकळेपणाने विचारा. तो नको म्हणाला तर राग धरू नका, त्यालाही त्या गल्लीत राहायचं आहे. पहिले दोन आठवडे तीन-चार घरंच जमा. दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून, गाण्याशिवाय फक्त वचन आणि प्रार्थना. तिसऱ्या आठवड्यात एक भजन. दारात येऊन ओरडलेल्यांपैकी कुणाच्या घरी आजारपण किंवा मयत झाली तर पाळकाने नव्हे, शेजारच्या विश्वासणाऱ्याने जावं, नेहमीच्या शेजाऱ्यासारखं, चहाची किटली घेऊन.