मुंबईत नव्याने कमवायला लागलेल्यांनी सिबिल कसा उभा करायचा

गावाकडून मुंबईत आलेल्या पोरापोरींचा पहिला पगार झाला की दोन माणसं त्यांना हमखास गाठतात. एक स्टेशनबाहेर छत्री लावून क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेणारा, आणि दुसरा आपल्याच गावचा, "तुझ्या नावावर एक मोबाइल काढू या, हप्ते मी भरतो" म्हणणारा. पहिल्याला थांबायला सांगा. दुसऱ्याला नाही म्हणा.

सिबिल स्कोअर म्हणजे तुम्ही उधारी कशी फेडता यावरून तुम्हाला मिळणारा आकडा, तो बघून बँक कर्जाचा विचार करते. आधी हे समजून घ्या की तुमचा स्कोअर खराब नाही, तो अजून तयारच झालेला नाही. तुमच्या उधारीच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये आकड्याच्या जागी उणे एक किंवा एनएच (नो हिस्टरी) असं दिसतं, त्याचा अर्थ एवढाच. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. तरीही कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते, आणि कोऱ्या पाटीवर ती हात आखडता घेते. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर गेला की बोलणं सोपं होतं. मुंबईत याला महत्त्व का, तर पुढे बदलापूर-विरारकडे घर घ्यायची वेळ येते. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण ३४,७०० बसतो, नऊ टक्क्यांनी ३६,०००. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण पूर्ण मुदतीत तीन लाखांच्या वर जातो.

पगार वेळेवर जमा होतो, भाडं कधी चुकवलं नाही, यूपीआयवर रोज व्यवहार आहेत, भिशी आहे, एसआयपी आहे, एफडी आहे. यातलं काहीही स्कोअरमध्ये धरलं जात नाही. तिथे फक्त उधारी मोजली जाते: घेतली किती आणि फेडली कशी.

म्हणून काहीही नवं घेण्याआधी आपल्या नावावर आधीच काय आहे ते बघा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या उधारीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पॅन नंबर आणि मोबाइलवरचा ओटीपी पुरतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा काढला तर वर्षभर नजर राहते. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाका. गावाकडच्यांच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बऱ्याचदा निघतात. एक, शैक्षणिक कर्ज. शिक्षण संपून सवलतीची मुदत गेली की हप्ते सुरू होतात, पण बँकेची पत्रं गावच्या घरी जातात आणि वडील "पोराला कशाला टेन्शन" म्हणून ती कपाटात ठेवतात. इकडे महिन्यामागून महिने थकबाकी लागत राहते. गावच्या शाखेत एकदा स्वतः जा, मोबाइल नंबर बदलून घ्या आणि मुंबईच्या पगाराच्या खात्यातून हप्त्याचं ऑटो डेबिट लावून घ्या. नीट फेडलेलं शैक्षणिक कर्ज हाच पहिला भक्कम इतिहास असतो. दुसरी गोष्ट म्हणजे घरच्या ट्रॅक्टरच्या किंवा पीक कर्जावर सहकर्जदार म्हणून कधीतरी केलेली सही.

रिपोर्ट साफ असेल किंवा रिकामा असेल, तर सुरुवात एफडीवरच्या क्रेडिट कार्डाने करा. मला याच्याइतका सरळ मार्ग दुसरा दिसत नाही. २०-२५ हजारांची एफडी करायची, बँक तिच्यावर बोजा चढवते आणि रकमेच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड देते. पगाराची स्लिप लागत नाही, एफडीचं व्याज चालू राहतं. घेण्याआधी शाखेत विचारा: वार्षिक फी आहे का, आणि या कार्डाची माहिती चारही कंपन्यांना जाते का? पॅन आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना तेही बघून घ्या. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गाळलेलं, असं असलं की नोंदी नीट जुळत नाहीत.

आता वापर. समजा मर्यादा २०,००० आहे. बिल निघतं त्या दिवशी कार्डावर ६,००० च्या आत रक्कम असावी, कारण कंपन्यांकडे बहुधा बिलावरचाच आकडा जातो. लोकलचा पास, रिचार्ज, किराणा, खोलीचं लाइट बिल एवढ्यावर भागतं. एखाद्या महिन्यात १२,००० खर्च झाले तर बिल निघायच्या आधीच ६-७ हजार भरून टाका. शेवटच्या तारखेची वाट बघायची गरज नाही. खोलीत पाच जण राहत असाल आणि बिल तुमच्या कार्डावरून जात असेल, तर चौघांचे पैसे आधी घ्या, मग भरा.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. बिलाची तारीख वेगळी आणि भरायची शेवटची तारीख वेगळी. मुंबईत कित्येक ठिकाणी पगार सात तारखेला होतो, कुठे दहाला. कार्डाची शेवटची तारीख पाच असेल तर तुम्ही दर महिन्याला रिकाम्या खात्याने तिला सामोरे जाता. यावर उपाय आहे: बिलाचं चक्र बदलून मागा. निदान एकदा तरी ते बदलून देणं बँकेला बंधनकारक आहे. शेवटची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल असं बघा आणि ऑटो डेबिट लावा. लावताना ॲपमध्ये दोन पर्याय येतात, एकूण देय आणि किमान देय. एकूण देय निवडा. घाईत किमान देयवर बोट पडतं आणि माणूस वर्षभर समजत राहतो की आपलं बिल भरलं जातंय.

किमान देय म्हणजे काय ते आकड्यात बघा. बिल १०,०००, किमान ५०० भरले. उरलेल्या ९,५०० वर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे ३३० रुपये, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. शिवाय पुढच्या नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत संपते. घेतल्या दिवसापासून व्याज चढतं. किमान रक्कम भरल्याने थकबाकीची नोंद होत नाही हे खरं, पण मर्यादेतला वापर फुगतो आणि स्कोअर त्यानेही घसरतो. एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख काढायची नाही, कधीच नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जिच्यात चांगली नेटकी माणसं अडकतात. कार्ड घेतलं, वापरलं नाही, आणि वर्षाने ४९९ रुपये फी लागली, जीएसटी धरून ५८९. मेसेज कोणी वाचत नाही. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटून गेले की ते खातं थकीत दाखवता येतं. रक्कम ५८९ असो की ५० हजार, नोंद उशिराचीच. नको असलेलं कार्ड ड्रॉवरमध्ये टाकू नका, रीतसर बंद करा. सगळी बाकी भरलेली असेल तर अर्ज दिल्यापासून सात कामकाजी दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं. त्यापुढे दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो.

आता त्या गाववाल्याकडे वळू, कारण नव्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. आपली माणसं मुंबईत एकमेकांना धरून राहतात. राहायला जागा, पहिली नोकरी, दवाखान्यात रात्रीची सोबत, सगळं गावच्या मंडळाच्या जोरावर मिळतं, आणि त्याची जाण ठेवायलाच हवी. पण त्या उपकाराची फेड आपलं नाव देऊन करायची नसते. मोबाइल त्याच्या हातात असेल, कर्ज तुमच्या पॅनवर आहे. त्याने खोली बदलली, नंबर बदलला, की १,८०० चा हप्ता तुमच्या रिपोर्टमध्ये चुकतो. रिपोर्टमध्ये गेल्या ३६ महिन्यांची नोंद महिन्यागणिक दिसते. ९० दिवस उलटले की खातं एनपीए म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतकडे झुकलेलं होतं, वसुलीवाल्यांचे फोन तुमच्या ऑफिसात येतात. जामीनदाराचंही तेच. "नुसती सही तर करायची आहे" असं म्हणतात, पण कर्जदाराने भरलं नाही तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. मदत करायचीच असेल तर जमेल तेवढे पैसे हातात द्या, परत आले नाहीत तरी चालेल एवढेच द्या. नाव देऊ नका, सही देऊ नका, ओटीपी देऊ नका.

नाव आधीच देऊन बसला असाल तर वाट बघत बसू नका. हप्ता आपल्या खात्यातून जायची व्यवस्था करा, भांडण नंतर करा. जमलं तर कर्ज एकरकमी फेडून एनओसी म्हणजे बाकी उरली नसल्याचा दाखला घ्या. वसुलीवाला "निम्म्यात मिटवून टाकू" म्हणेल, त्याला भुलू नका. तसं मिटवलेलं खातं रिपोर्टमध्ये बंद न दिसता सेटल्ड दिसतं, आणि ते वाचून गृहकर्जाचा अधिकारी फाइल बाजूला ठेवतो.

खोलीच्या डिपॉझिटसाठी झटपट कर्जाच्या ॲपकडे जाऊ नका. नाइलाजच झाला तर ते ॲप रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते बघा, आणि सही करण्याआधी केएफएस म्हणजे मुख्य अटींचा कागद मागा. तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावा असा नियम आहे, तेव्हा मराठीत मागायला संकोच नको. "आता घ्या, नंतर द्या" वाल्या छोट्या खरेद्याही कर्ज म्हणून नोंदल्या जाऊ शकतात.

एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. एक नाकारला तर सहा महिने थांबा.

साधारण सहा महिन्यांत आकडा दिसू लागतो. वर्षभर नीट चाललं की मर्यादा वाढवून मागा, पण खर्च तेवढाच ठेवा. पहिलं कार्ड बंद करू नका. त्याचं वय हीच तुमची कमाई आहे.

रिपोर्ट वाचताना प्रत्येक महिन्यासमोर ००० (उशिराचे दिवस शून्य) किंवा एसटीडी (स्टँडर्ड) दिसलं तर ठीक. एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती आलीच नाही. अनोळखी कर्ज, फेडूनही चालू दिसणारं खातं, कुणा दुसऱ्याचा पत्ता सापडला तर ज्या कंपनीचा रिपोर्ट आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी कळवा, कारण बँकेने होकार दिल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. एनओसी आणि शेवटचा भरणा जोडा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तेवढ्यानेही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पहिल्या तक्रारीचा नंबर मात्र जपून ठेवलेला हवा.