तिकीट दुसऱ्याकडून घेतले आणि फसलात? तक्रार करताना या चुका टाळा

मोठ्या मैफलीची किंवा क्रिकेट सामन्याची तिकिटे काही मिनिटांत संपतात, त्याच दिवशी ती दुप्पट-चौपट दराने दुसरीकडे विक्रीला दिसू लागतात आणि कार्यक्रम उरकला की प्रवेशद्वारावरून परत पाठवलेली माणसे मोबाईल हातात धरून ग्राहक मार्गदर्शन केंद्रात येतात. त्यांच्या तक्रारी तयार करून देताना मला एक गोष्ट सतत खटकते. कायदा अपुरा आहे हे खरे असले तरी बहुतेकांचे प्रकरण कायद्यामुळे बिघडलेले नसते. आपण पैसे नेमके कोणाला दिले आणि त्याचा पुरावा काय, या दोन प्रश्नांची उत्तरे न शोधताच ते तक्रार ठोकून मोकळे झालेले असतात.

“ब्लॅक करणे हा गुन्हाच आहे” असे गृहीत धरणे

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४३ नुसार रेल्वे तिकिटांचा अनधिकृत धंदा करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कुठेतरी वाचलेले असल्याने गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटालाही तोच न्याय लागतो, अशी अनेकांची समजूत असते. तो लागत नाही. कार्यक्रमांच्या तिकिटांच्या पुनर्विक्रीसाठी देशभर लागू असणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवरून बराच गदारोळ झाला, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. परंतु याबाबत नियम करणे हा धोरणाचा आणि कायदेमंडळाच्या अखत्यारीतील विषय असल्याचे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पुनर्विक्रीच्या तिकिटावरील मूळ किंमत आणि आसनाचा तपशील सांगावा लागतो, तर तिकिटे बळकावणाऱ्या बॉटविरुद्ध, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खरेदी करणाऱ्या संगणक प्रणालींविरुद्ध, अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा केला. हे वाचून आलेले लोक त्या तरतुदी आपल्या तक्रारीत उतरवतात, आणि ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा आयोगासमोर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. छापील किंमत अर्थात एमआरपीचा मुद्दाही इथे गैरलागू आहे, कारण तो नियम वेष्टनबंद वस्तूंसाठी आहे. पाच हजारांचे तिकीट वीस हजारांना आहे हे ठाऊक असताना तुम्ही ते घेतले असेल, तर केवळ ‘जास्त पैसे घेतले’ ही तक्रार फारशी टिकत नाही. तिकीट बनावट निघाले, आधीच वापरलेले निघाले, सांगितलेल्या आसनाऐवजी दुसरेच मिळाले किंवा कबूल केलेला परतावा नाकारला, तर मात्र सांगण्यासारखे काही हाती असते.

सामनेवाला चुकणे

सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो. तोच चुकीचा निवडणे ही माझी सर्वांत नावडती चूक. एका तरुणाने समाजमाध्यमावर भेटलेल्या अनोळखी माणसाकडून दोन तिकिटे घेतली आणि पैसे यूपीआयने पाठवले. प्रवेशद्वारावर क्यूआर कोड दाखवताच तो आधीच स्कॅन झाल्याचे उत्तर मिळाले. एकाच तिकिटाचे चित्र किती जणांना विकले होते, ते त्या विक्रेत्यालाच ठाऊक. संताप स्वाभाविक होता, पण त्या संतापात या गृहस्थाने त्याच रात्री इंटरनेटवरून तक्रारीचा एक नमुना उतरवला आणि ऑनलाइन दाखल करून टाकला. सामनेवाले क्रमांक एक आयोजक, क्रमांक दोन मूळ तिकीटविक्री करणारी कंपनी, क्रमांक तीन चक्क मैदानाचे व्यवस्थापन. ज्याने पैसे घेतले त्याचे नाव तक्रारीत कुठेच नव्हते. सहाव्या परिच्छेदात “सदर वॉशिंग मशीन सदोष असल्याचे निदर्शनास आल्याने” हे मूळ नमुन्यातील वाक्य जसेच्या तसे राहिले होते, ते वेगळेच.

दाखलपूर्व सुनावणीत त्याला एकच प्रश्न विचारण्यात आला: या तिघांना तुम्ही मोबदला किती दिला? उत्तर नव्हते, आणि तक्रार दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळली गेली. तो माझ्याकडे आला तो त्यानंतर, आणि तोही “अपील कसे करायचे” हे विचारायला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक, हे कलम २(७) मधील सूत्र आहे. तेव्हा पैशाची वाट शोधा. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळाने स्वतः पैसे स्वीकारले असतील, स्वतःचे शुल्क कापले असेल आणि ‘खात्रीशीर तिकीट’ असा दावा केला असेल, तर ते संकेतस्थळ हा तुमचा पहिला सामनेवाला. त्याला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्याही त्यातून सुटत नाहीत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक आहे. याच नियमांत एक तरतूद आहे जी जवळजवळ कोणीच वापरत नाही: खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास अशा संकेतस्थळाने विक्रेत्याचा पत्ता, ई-मेल आणि संपर्कासाठी आवश्यक ती माहिती दिली पाहिजे. माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक प्रकरणात मी आधी हे चार ओळींचे पत्र पाठवायला लावतो. माहिती मिळाली तर सामनेवाल्याचे नाव मिळते, आणि नाकारली तर तो नकारच सेवेतील त्रुटीचा पुरावा म्हणून जोडता येतो. “पत्रात कशाला वेळ घालवायचा, थेट केस करू” असे म्हणणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

विक्रेता हा एखादे जास्तीचे तिकीट विकणारा खासगी माणूस असेल, तर गणित बदलते. नियमितपणे व्यवसाय न करणाऱ्या व्यक्तीच्या वैयक्तिक व्यवहाराला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत आणि आयोगासमोरही असे प्रकरण अडखळते. तिथे मार्ग फसवणुकीच्या फिर्यादीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा. मात्र तोच माणूस तीन-चार कार्यक्रमांची तिकिटे विकताना दिसत असेल, तर त्याच्या त्या सगळ्या जाहिराती जपून ठेवा. तो व्यापारी आहे हे त्यांवरूनच दाखवता येते.

आयोजक कधीच जबाबदार नसतो असेही नाही. अधिकृत खिडकीवरून घेतलेले तिकीट नाकारले गेले किंवा रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे मूळ खरेदीदाराला मिळाले नाहीत, तर तोच सामनेवाला. पण तुम्ही तिकीट तिसऱ्याकडून घेतलेले असते, आणि ‘हस्तांतरणास मनाई’ ही अट त्यावर छापलेली असते. ती अट जाचक वाटत असेल आणि करारच अनुचित आहे असे म्हणायचे असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते.

कापलेले स्क्रीनशॉट

लोक संभाषणाचा फक्त रसाळ भाग कापून आणतात. तारीख नसते, वेळ नसते, आणि समोरच्याचा क्रमांक ‘तिकीटवाला’ या नावाने साठवलेला असल्याने चित्रात वर तेवढेच नाव झळकत असते. दरम्यान विक्रेत्याने आपले संदेश दोन्हीकडून पुसलेले असतात आणि खातेही बंद केलेले असते. असा कागद वाचून आयोगाने तिकीटवाला म्हणजे कोण समजायचे?

माझी पद्धत जुन्या वळणाची आहे. पैसे पाठवण्यापूर्वीच क्रमांक दिसेल असा संपूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, जाहिरातीचे पान किंमत आणि आसनासह जतन करावे आणि संपूर्ण संभाषण फाइल म्हणून स्वतःला ई-मेल करून ठेवावे. यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक वहीत लिहावा; बँकेच्या उताऱ्यात तो सापडतो, पण उतारा मागण्याची वेळ येते तेव्हा घाई असते. प्रवेशद्वारावर नकार मिळाला, तर तिथल्या तिथे वेळ नोंदवून नकाराचे कारण मदतकक्षाकडून लेखी किंवा संदेशाद्वारे मागून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायचे प्रमाणपत्र जोडण्याचा आग्रह मी धरतो. आयोग पुराव्याच्या नियमांबाबत न्यायालयाइतका काटेकोर नसतो हे मान्य, तरीही समोरच्या वकिलाला आक्षेपाची आयती संधी कशाला द्यायची?

पैसे गेल्याचे कळताच सर्वप्रथम १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता तेवढ्याच काळात असते. आधी विक्रेत्याला चार दिवस शिव्या घालून मग फोन करणाऱ्यांना हे पटवणे कठीण जाते. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे भरलेले पैसे उलट फिरवून देण्याची, मागणी करता येते. यूपीआयवर स्वतःच पिन टाकून पाठवलेले पैसे तसे परत येत नाहीत, म्हणून अनोळखी माणसाला यूपीआयने पूर्ण रक्कम आगाऊ देणे मला कधीच पटलेले नाही.

उरलेल्या चुका, थोडक्यात

फायद्यासाठी दहा तिकिटे घेऊन ती विकली गेली नाहीत म्हणून ग्राहक आयोगात येऊ नये. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने खरेदी करणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही.

दोन हजारांच्या तिकिटासाठी दहा लाखांचा मानसिक त्रास मागू नये. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, याचा अर्थ आकडा वाट्टेल तो टाकावा असा होत नाही.

वादकारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘कंपनी उत्तर देईल’ या आशेवर ती घालवू नये.

‘शेवटची दोन तिकिटे’ असा खोटा इशारा देणे किंवा शेवटच्या पायरीवर अचानक शुल्क वाढवणे, हे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ऑनलाइन ग्राहकाला फसव्या रचनेने भुलवण्याच्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत मोडते. पैसे भरताना प्रत्येक पायरीचे चित्र घेतलेले नसेल, तर हा मुद्दा तक्रारीत घालून पानेच वाढतात.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली म्हणजे खटला दाखल झाला, असे समजू नये. तिथे तडजोडीचा प्रयत्न होतो आणि पुष्कळदा तो यशस्वीही होतो, पण आदेश आयोगच देतो. आयोगात तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, वकिलाशिवायही दाखल करता येते. कार्यक्रम दुसऱ्या शहरात झाला म्हणून तिथे खेटे घालण्याचे कारण नाही.