जुन्या फ्रेंच मोटारींचे इंजिन बोअर-स्ट्रोकवरून कसे ओळखावे

सोलापुरात पद्मिनीच्या (भारतात बनलेल्या फियाट मोटारीच्या) इंजिनावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत, आणि 1950 च्या दशकातील फ्रेंच कौटुंबिक मोटारींचा अभ्यास करू पाहणाऱ्या हौशी माणसाने सुरुवात त्यांच्याकडूनच करावी, असे माझे मत आहे. पद्मिनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 75 मिलिमीटर; म्हणजे चारही सिलिंडरांचे मिळून 1089 सीसी (घन सेंटिमीटर). याच फियाट घराण्यातले इंजिन सिम्का कंपनीने 1937 साली ‘सिम्का 8’ मध्ये बसवले. पुढे स्ट्रोक तसाच ठेवून बोअर 72 केला, तेव्हा 1951 च्या ‘अरोंद’ला 1221 सीसी मिळाले, आणि 74 केल्यावर ‘फ्लॅश’ इंजिन 1290 सीसीचे झाले.

बॉनेटवरच्या नावावर विसंबू नये; आधी माप घ्यावे. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरलेले असेल तर बोअर सिलिंडरच्या अगदी खालच्या कडेला, जिथे रिंगा घासत नाहीत तिथे मोजावा, कारण वरचा भाग झिजून मोठा झालेला असतो. ब्लॉक पूर्वी बोअर करून (सिलिंडर आतून तासून) घेतलेला असेल तर मूळ मापापेक्षा थोडा जास्त आकडा येतो, हे ध्यानात ठेवावे. पिस्टन टॉपला असताना आणि बॉटमला असताना त्याची खोली मोजून फरक काढला की स्ट्रोक मिळतो. मग सेंटिमीटरमधील बोअरचा वर्ग, 0.7854, सेंटिमीटरमधीलच स्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांचा गुणाकार करावा, की सीसी मिळतात.

प्यूजोमध्ये ही रीत विशेष उपयोगी पडते. 203 (1948), 403 (1955) आणि 404 (1960) या तिन्ही गाड्यांच्या पेट्रोल इंजिनांचा मूळ स्ट्रोक 73 आहे. बोअर मात्र 75, 80 आणि 84, म्हणून 1290, 1468 आणि 1618 सीसी. फ्रान्समध्ये कर ‘सीव्ही’ या सरकारी अश्वशक्तीवर आकारला जाई, आणि या तीन गाड्या अनुक्रमे 7, 8 आणि 9 सीव्हीत मोडत. त्यामुळेच 1960 साली 403 च्या शरीरात 203 चे छोटे, 7 सीव्हीचे इंजिन घालून ‘403 सेप्त’ (सेप्त म्हणजे सात) आली. 403 दिसली म्हणजे 1468 सीसी, हे गृहीत धरता येत नाही. 1959 पासून तीच गाडी 1816 सीसीच्या डिझेलमध्येही मिळू लागली होती.

सिम्काचे 1290 सीसी आणि प्यूजोचे 1290 सीसी ही दोन सर्वस्वी वेगळी इंजिने आहेत. केवळ सीसी पाहणारा इथे हमखास चकतो. 74 गुणिले 75 की 75 गुणिले 73, हे पाहिले की गोंधळ मिटतो. शिवाय प्यूजोचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) सुटे निघतात.

रेनोचे प्रकरण सोपे आहे. तिथे स्ट्रोक 80, आणि बोअर 54.5 असेल तर ‘4सीव्ही’ नावाच्या गाडीचे 747 सीसी, 58 असेल तर ‘दोफिन’ गाडीचे 845 सीसी. सित्रोएनच्या डीएस 19 चे शरीर 1955 साली कितीही नवलाचे वाटले असले, तरी तिचे 78 गुणिले 100 हे लांब स्ट्रोकचे माप दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ‘त्राक्सिओं आवां’ या सित्रोएन गाडीचेच आहे.

एका ठिकाणी मात्र व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) पुरा पडत नाही. 1960 च्या अखेरीस अरोंदला मिळालेल्या ‘रश’ इंजिनाचे बोअर-स्ट्रोक ‘फ्लॅश’इतकेच आहेत, तेव्हा ऑइल संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, मेन बेअरिंग कॅप मोजाव्यात: तीन असतील तर जुने इंजिन, पाच असतील तर ‘रश’.