बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय? आधी हे करा

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत बोअरच्या बादलीवर रंगीत तवंग दिसला, वास थेट पेट्रोलचा, तेव्हापासून हे सगळं शिकलो. पहिलं म्हणजे ते पाणी उकळायचं नाही, पेट्रोलमधलं विषारी बेंझीन वाफेतून नाकात जातं, आणि बोअरजवळ काडी ओढायची नाही.

पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि आपला पंप खालून पाणी ओढतो, त्यामुळे नळाला स्वच्छ आलं म्हणजे सुटलो असं समजू नका. पारदर्शक बेलर (बोअरमधून पाण्याचा नमुना काढायची नळी) दोरीने अलगद सोडायचा, पाण्याच्या पातळीलाच भरायचा, मग उजेडात धरून वर वेगळा थर दिसतो का बघायचं.

लॅबचं सॅम्पल 40 मिलीच्या काचेच्या बाटलीत, अगदी काठोकाठ, उलटी केली की एकही बुडबुडा दिसता कामा नये कारण बेंझीन त्या हवेत निघून जातं. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, आणि बीटीईएक्स (बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन) व टीपीएच (पाण्यातलं एकूण पेट्रोलियम) टेस्ट असं स्पष्ट सांगा, पाण्याच्या साध्या टेस्टमध्ये हे येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे.

पावसाळ्यात पातळी वर येते, म्हणून मे आणि ऑगस्ट, दोनदा तपासा. माती तपासायला ड्रिलिंग स्वतः करू नका, खाली केबल आणि गॅसलाइन असतात. रिपोर्ट आला की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या.